दुसरी खाच

हे घडलं २०४५ साली, खंडेनवमीच्या दिवशी, सकाळी साडेदहा ते सव्वाअकरा. त्या पाऊण तासाची मी बारा वर्षं वाट पाहिली होती. आता त्यालाही सतरा वर्षं होऊन गेली. माझं वय अठ्ठ्याहत्तर आहे आणि सकाळची गोळी घेतली की नाही हे मला दुपारी आठवत नाही. पण त्या दिवशी सभागृहात कोण कुठे बसलं होतं आणि सरनोबतसाहेबांच्या फेट्याचा शेमला कुठल्या खांद्यावर होता, हे मी आजही सांगू शकते. रागात मुरलेली आठवण नासत नाही.

मी हेमलता तुंगारे. जन्म मिरजेचा, नोकरी कुपवाडच्या एमआयडीसीत. जन्मभर मी ताटं बनवली. जेवणाची नव्हे. रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत रक्त तपासणारी स्वयंचलित यंत्रं असतात. त्या यंत्राच्या पोटात नमुने आणि रीएजंट, म्हणजे तपासणीची रसायनं, घेऊन जाणारा प्लास्टिकचा ट्रे असतो. तळहाताहून थोडा मोठा, आठ ओळी, बारा रांगा, शहाण्णव खळगे. ओळींना ए ते एच अशी अक्षरं, रांगांना एक ते बारा आकडे. आमच्या कंपनीत सगळे त्याला ताट म्हणायचे आणि खळग्यांना वाट्या.

यंत्र शहाणं असतं असं लोकांना वाटतं. त्याला एवढंच कळतं की बी-३ या जागी जे रक्त आहे ते यादीतल्या बी-३ च्या माणसाचं. ताट जर कुणी फिरवून, शेंडा बुडख्याकडे करून ठेवलं, तर बी-३ च्या जागी जी-१० ची वाटी येते आणि यंत्र एकाचं रक्त दुसऱ्याच्या नावावर मुकाट्याने टाकतं. बारकोड ताटाच्या दोन्ही कडांना तोच असे. तो ताट कुठलं ते सांगे, कुठल्या दिशेने ठेवलं ते नाही.

म्हणून मी खाच काढली. ए-१ शेजारच्या डाव्या कोपऱ्यात, अंगठा बसेल एवढी अर्धगोल खाच. यंत्राच्या आत त्याच जागी एक खुंटी. ताट सरळ असेल तर खुंटी खाचेत बसते, फिरवलेलं असेल तर ताट आत जातच नाही. अक्षरं वाचायला नकोत, उजेडही नको. अंगठा फिरवा, खाच सापडली की झालं.

ही कल्पना माझी म्हणून मिरवावी तर तसंही नाही. माझ्या आईचे डोळे लवकर गेले. तिच्या मिसळणाच्या गोल डब्यात सात वाट्या, एक मधे आणि सहा भोवती. डबा जरा फिरला की हळदीच्या जागी तिखट. आमच्या शेजारी शिकलगारचाचा राहायचे, सुऱ्या-कात्र्यांना धार लावायचे. एके दिवशी त्यांनी आईचा डबा मांडीवर घेतला आणि कानशीने काठावर एक खाच पाडून दिली. म्हणाले, "वहिनी, खाचेसमोर हळद. हळदीसमोर तिखट. आता आंधळ्याने सैपाक करावा." त्यांची मुलगी मेहरुन्निसा आणि मी एका बाकावर बसायचो. ती मला हेमी म्हणायची, मी तिला मेहरू.

मेहरू पुढे मिरजेतल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ झाली आणि मी तिच्या यंत्राला ताटं बनवू लागले. दर मंगळवारी ती वापरलेलं एक ताट किरणांनी निर्जंतुक करून, वर तारखेची चिठ्ठी चिकटवून माझ्याकडे पाठवायची. उष्णतेने प्लास्टिक किती वाकलं ते मी मोजायची. सोबत चिठ्ठीच्या कोपऱ्यात काहीतरी खरडलेलं असायचं. 'जाड झालीस.' 'रविवारी ये, खिमा आहे.' असली ती मैत्री.

आता २०३१ ची खंडेनवमी सांगते. त्या दिवशी आमच्याकडे यंत्रं पुसून, हळदकुंकू वाहून बंद ठेवतात. कानससुद्धा उचलायची नाही. मी सणाची चार दिवस रजा घेतली होती. ऑडिटवाल्यांना दुरुस्तीपत्रकावर शाईची सही लागे आणि साच्याचं काम माझ्या रजेसाठी थांबायचं नाही, म्हणून सणाआधी कोऱ्या पत्रकांवर सह्या करून ठेवायची आमच्याकडे रीतच पडली होती. मी तीन सह्या करून गेले.

कंपनीचे मालक शिवप्रसाद सरनोबत. माणूस बोलायला गोड, चालायला रुबाबदार. नवीन आणलेला पॅकिंगचा रोबो ताटं एकाच दिशेने उचलायचा, उलटं आलं की अडून बसायचा. सरनोबतांनी त्यावर तोडगा काढला. पूजा झालेल्या साच्यावर त्याच दिवशी बाहेरचा कारागीर आणून समोरच्या कोपऱ्यात दुसरी खाच काढायला लावली. डाव्या वरच्या कोपऱ्यात एक, उजव्या खालच्या कोपऱ्यात एक. आता रोबो ताट कसंही उचलत होता. आणि ताट यंत्रातही कसंही बसत होतं.

दोनशे ताटांची पहिली खेप रुग्णालयात गेली.

त्या काळी कॅन्सरचं एक औषध देण्याआधी रक्त तपासायची पद्धत नुकती सक्तीची झाली होती. काही थोड्या लोकांच्या शरीरात हे औषध मोडून काढणारं विकर, म्हणजे एन्झाइम, फार कमी असतं. त्यांना नेहमीचा डोस दिला तर तो विषच. मालगावच्या शाळेत खो-खो शिकवणारी अरुंधती मगदूम, वय सव्वीस, अशांपैकी होती. तिचं रक्त बी-३ मध्ये होतं. मिरजेच्या मंडईत भाजी विकणाऱ्या सगुणाबाई साळुंखे यांचं जी-१० मध्ये. ताट फिरलं. सगुणाबाईंचा चांगला अहवाल अरुंधतीच्या नावावर गेला, अरुंधतीचा सगुणाबाईंच्या. तिला पूर्ण डोस मिळाला आणि एकविसाव्या दिवशी ती गेली. बाकी सगळ्यांचे अहवाल तसे एकसारखेच होते, त्यामुळे त्यांची अदलाबदल कुणाच्या लक्षातही आली नाही. खात्रीसाठीचे नमुने चारी कोपऱ्यांत सारखेच ठेवलेले. तेही गप्प.

तोवर दोनशे ताटं वापरून, जाळून संपली होती. बातमी कळताच सरनोबतांनी साचा पूर्ववत केला आणि मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर दुरुस्तीपत्रक होतं. 'कोपरा क्र. ३, खाच वाढवणे.' खाली माझी सही.

"बाई, हा कागद माझ्या कपाटात राहील," ते म्हणाले. "बाहेर आला तर आधी तुमच्या हातात बेड्या. म्हणून तो बाहेर येणार नाही. असा बदल झालाच नव्हता. काय?"

मी पत्रकावरची माझी सही पाहून घेतली.

"चहा घ्या," ते म्हणाले. "निवतोय."

मी तो चहा प्यायले. हे सांगायचं नव्हतं, पण प्यायले.

त्या संध्याकाळी मेहरू माझ्या दारात उभी. ओढणी धड नाही, डोळे सुजलेले. "हेमी, मी नळ्या अदलाबदल केल्या म्हणतायत गं. मी नाही केल्या. ताटातच काहीतरी झालंय. त्या दिवशी मंगळवार होता. तुझ्याकडे तेच ताट आलं असेल बघ."

ते ताट अजून न मोजलेलं, माझ्या मागच्या कपाटात होतं. मी त्याच दुपारी ते काढून पाहिलं होतं. दोन खाचा.

"ते गेलं गं," मी म्हणाले. "जाळायला गेलं मागच्याच आठवड्यात."

"नक्की?"

"नक्की."

चौकशी झाली तेव्हा साचा कधी बदललाच नाही असं सरनोबतांनी शपथेवर सांगितलं, आणि मीही कंपनीची साक्षीदार म्हणून तेच सांगून बसले होते. समितीच्या अध्यक्षांनी मेहरूला विचारलं, "यंत्रात ताट ठेवताना अंगठ्याला खाच लागली होती का?"

ती खोटं बोलली असती तर वाचली असती. ती म्हणाली, "लागली होती साहेब. रोजचा हात आहे. खाच लागल्याबिगर मी ताट सोडतच नाही."

"मग ताट सरळच होतं. म्हणजे नळ्यांची जागा तुम्ही चुकवलीत. सगुणाबाईंचं रक्त तुम्ही बी-३ मध्ये टाकलंत."

"नाही हो. मी जी-१० मध्येच टाकलं."

"ताट फिरल्याशिवाय दोन्ही खरं कसं असेल?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मी समोरच्या पाण्याच्या ग्लासाकडे.

मेहरूची नोंदणी रद्द झाली. अरुंधतीचे वडील तिच्या दारात येऊन एक तास नुसते उभे राहिले. त्यानंतर ती प्रयोगशाळेच्या रस्त्यानेसुद्धा गेली नाही. भावाच्या दुकानात बसून सुऱ्या-कात्र्यांना धार लावू लागली. मी दर ईदला तिच्याकडे जायची. शिरखुर्मा खायची. ती वाटी भरून द्यायची आणि म्हणायची, "तुझ्याशिवाय कोण येतंय आता?"

पहिली दोन वर्षं मला नुसती भीती होती. रागाचा दिवस मला नेमका आठवतो. २०३३ साली सरनोबतांना उद्योजकांच्या संघटनेने पुरस्कार दिला, कशासाठी, तर ताटाच्या खाचेसाठी. तिला आता 'सरनोबत कोपरा' म्हणायचे, पेटंट त्यांच्याच नावावर. व्यासपीठावर ते म्हणाले, "माझी आई डोळ्यांनी अधू होती. तिच्या मिसळणाच्या डब्याच्या काठावर एक खाच होती..." लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या रांगेतल्या एका बाईने डोळे पुसले.

ही गोष्ट मीच त्यांना एकदा जेवणाच्या सुट्टीत सांगितली होती.

घरी येऊन मी ते ताट स्टीलच्या डब्यात ठेवलं. दमट हवा शोषणाऱ्या दोन पुड्या घातल्या, झाकण मेणाने बंद केलं. नोकरी सोडायची नाही असं ठरवलं. या माणसाला मी त्याच्याच व्यासपीठावरून, त्याच्याच टाळ्यांमधून खाली ओढणार होते. त्यासाठी त्याचा विश्वास हवा होता. तो मी बारा वर्षं मिळवत राहिले. रीएजंटची ताटं, गोठवायची ताटं, तिरक्या तळाची ताटं, सगळी त्यांच्या नावाने काढून दिली. "आमच्या तुंगारेबाई म्हणजे कंपनीचा कणा," ते पाहुण्यांना सांगायचे. मी हसायची.

पण माझ्याकडे हत्यार नव्हतं. दोन खाचांचं एक ताट म्हणजे काय? ते त्याच दिवसाचं कशावरून? चिठ्ठी कुणीही चिकटवू शकतं. मी स्वतःला असं सांगत असे.

हत्यार २०४३ साली चालत आलं. डॉ. केतकी हेरवाडे, वय एकतीस, कुरळे केस, भराभर बोलणं, खिशात नेहमी शेंगदाण्याची चिक्की. तिच्या यंत्राला ती 'भिंतवाचक' म्हणायची. आमच्या कंपनीत ते बनवायचं ठरलं आणि त्याचं ताट काढायचं काम माझ्याकडे आलं.

"मावशी, सोपं आहे," तिने पहिल्याच दिवशी मला समजावलं. "वाटीत रक्त ठेवलं की त्यातली काही प्रथिनं प्लास्टिकच्या भिंतीला चिकटतात. कितीही धुवा, एक थर राहतोच. आजवर सगळ्यांना तो कचरा वाटायचा. मी म्हणते, ती वही आहे. लेसरने भिंतीवरचा थर कणाकणाने उडवायचा, उडालेले तुकडे वजनावरून ओळखायचे आणि ते जोडून मूळ प्रथिन काय होतं ते संगणकाने काढायचं."

"पण त्यावरून माणूस कसा कळणार?"

"प्रतिपिंडांवरून. जन्मापासून जेवढे ताप, गोवर, कावीळ, लशी होऊन गेल्या, त्या प्रत्येकाशी लढायला शरीराने प्रतिपिंडं बनवलेली असतात. प्रत्येकाचा संच वेगळा. जुळ्यांचासुद्धा वेगळा. आज एक थेंब रक्त घेतलं की जुन्या वाटीतला संच त्याच माणसाचा का ते सांगता येतं. नवीन आजारांची भर पडते, पण खालचे थर तेच राहतात."

"किती जुनी वाटी चालेल?"

"अंधारात, कोरडी ठेवलेली असेल तर वीस वर्षं. पण अशी वापरलेली ताटं जपून कोण ठेवतं?"

मी तिची चिक्की घेतली. माझे दात तेव्हा चांगले होते.

त्याच आठवड्यात मी सगळं सांगून टाकू शकले असते. नाही सांगितलं. कंपनीला पंचवीस वर्षं २०४५ च्या खंडेनवमीला पूर्ण होणार होती. भिंतवाचकाचं उद्घाटन त्याच दिवशी करायचं ठरत होतं. मी आणखी दोन वर्षं थांबले.

प्रात्यक्षिकाची कल्पना माझीच. सरनोबतांना म्हणाले, "नवं ताट वाचून दाखवण्यात काय गंमत? माझ्याकडे एक फार जुनं ताट आहे. ज्यांचं रक्त त्यात होतं त्या बाईही मला ठाऊक आहेत. त्यांना बोलवू. यंत्राने शहाण्णव वाट्यांतून त्यांची वाटी शोधून दाखवली तर पेपरात पहिल्या पानावर फोटो येईल."

"वा, बाई!" ते म्हणाले. "नाटकात काम करायचात का?" त्या बाईंचं नाव त्यांनी विचारलंही नाही.

फोरमन जाधवांनी नाराजी दाखवली. "साहेब, खंडेनवमीला मशीन चालवत न्हाईत."

"अहो, आमच्याकडे एकदा चाललंय," सरनोबत हसत म्हणाले आणि लगेच त्यांनी विषय बदलला. मी मान खाली घालून यादी लिहीत राहिले. त्यांचं ते हसू मी जपून ठेवलं.

त्या दिवशी सभागृहात तीनशे माणसं. दाराला झेंडूची तोरणं, यंत्राला हळदकुंकू, सरनोबतांच्या डोक्यावर गुलाबी फेटा, शेमला डाव्या खांद्यावर. पहिल्या रांगेत पत्रकार, अधिकारी, सगुणाबाई. शेवटच्या रांगेत दाराजवळ मेहरू. मी तिला फक्त एवढंच म्हणाले होते की ये, तुझ्यासाठी आहे. ती करड्या साडीत आली होती आणि दुकानाची पोलादाची धूळ तिच्या नखांत तशीच होती.

सगुणाबाईंच्या बोटातून थेंब घेतला.

"भ्या वाटतं का आजी?" केतकीने विचारलं.

"आता कसलं भ्या? एवढं रगत काढलंसा जन्मभर, आणखी एक थेंब घ्या. चहा हाय का पण?"

सगळे हसले. मी डबा उघडला, मेण सोललं, ताट केतकीच्या हातात दिलं. ते यंत्रात गेलं. अकरा मिनिटं लागली. तेवढा वेळ सरनोबत आईच्या डब्याची गोष्ट सांगत होते.

पडद्यावर शहाण्णव ठिपके उमटले. एक हिरवा झाला. जी-१०.

टाळ्या पडल्या. सरनोबतांनी हात उंचावले. मी ध्वनिक्षेपक घेतला.

"एक मिनिट. हे ताट कुठल्या दिवसाचं आहे ते सांगायचं राहिलं. हे २०३१ सालचं. याच ताटातल्या अदलाबदलीने अरुंधती मगदूम नावाची मुलगी गेली. चौकशीचा अहवाल माझ्याकडे आहे. त्यात लिहिलंय, तंत्रज्ञ मेहरुन्निसा शिकलगार हिने सगुणाबाई साळुंखे यांचं रक्त बी-३ मध्ये टाकलं. यंत्र काय म्हणतंय ते तुमच्या समोर आहे. जी-१०. तिने बरोबर टाकलं होतं. मग अहवाल बदलले कसे? ताट फिरलं म्हणून. आणि ताट फिरलं कसं? साहेब, जरा ते हातात घ्या. अंगठा फिरवा. खाचा किती लागतात?"

ते हलले नाहीत. केतकीनेच ताट उचललं आणि दोन्ही अंगठे समोरासमोरच्या कोपऱ्यांत ठेवले.

"दोन," ती म्हणाली.

"खोटं आहे!" सरनोबत ओरडले. "हे बनवून आणलेलं ताट आहे. असा बदल आमच्याकडे कधी झालाच नाही."

"झाला नाही?"

"नाही! आणि झाला असेल तर तो हिने केलाय. दुरुस्तीपत्रकावर हिची सही आहे. कपाटात आहे माझ्या. आत्ता आणून दाखवतो!"

मी हेच वाक्य बारा वर्षं मनातल्या मनात त्यांच्या तोंडी घालून पाहिलं होतं. शब्दही जवळजवळ तेच.

"आणा की," मी म्हणाले. "बदल झालाच नाही असं तुम्ही समितीपुढे शपथेवर सांगितलंत. मग माझी सही कशावर आहे, साहेब?"

त्यांच्या फेट्याचा शेमला सुटून छातीवर आला. ते तो परत खांद्यावर टाकायला गेले आणि हात अर्ध्यावरच राहिला. पत्रकार उठले. खुर्च्या सरकल्या. मला सांगायला लाज वाटत नाही, त्या क्षणी मला जे सुख झालं तसं सुख मला जन्मात दुसऱ्या कशाने झालेलं नाही.

मेहरू पुढे आली तेव्हा मला वाटलं ती मला मिठी मारणार. लोक बाजूला झाले. तिने केतकीच्या हातातून ताट घेतलं, अंगठा पहिल्या खाचेवरून फिरवला, मग दुसऱ्या. मग ते उलटं केलं. कडेला पिवळी पडलेली चिठ्ठी होती. तारीख, मंगळवार, आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात, 'रविवारी ये, भाकरी करते.'

"अक्षर माझं आहे," ती म्हणाली.

"मेहरू, सगळं संपलं आता. तू सुटलीस."

"तू म्हणालीस जाळलं."

"तेव्हा त्याचा उपयोग झाला नसता गं. ते त्याच दिवसाचं हे सिद्ध करायला यंत्र नव्हतं. माझी सही होती त्या कागदावर. कुणी विश्वास ठेवला नसता."

"मला विश्वास नको होता. दोन खाचांचं ताट समितीपुढे ठेवलं असतंस तर त्यांना शंका आली असती. मला शंका पुरली असती, हेमी."

ती केतकीकडे वळली.

"आणि यंत्र येऊन किती दिवस झाले?" तिने विचारलं.

"दोन वर्षं," केतकी हळूच म्हणाली.

मेहरूने मान हलवली. जणू एखाद्या सुरीची धार बोटाने पाहावी आणि ती ठीक निघावी. "त्याने तर धंद्यासाठी केलं. त्याला मी ठाऊकसुद्धा नव्हते. तू चौदा वर्षं माझ्या घरी शिरखुर्मा खाल्लास." ताट तिने पदराखाली घेतलं. "हे माझं आहे."

ती दारातून बाहेर गेली. बाहेर कुठेतरी पूजेचा नारळ फुटल्याचा आवाज आला.

पुढे काय झालं ते थोडक्यात सांगते. सरनोबतांवर खटला चालला, त्यांना तीन वर्षांची शिक्षा झाली. कंपनी दुसऱ्या कुणी घेतली. 'सरनोबत कोपरा' हे नाव ताटांवरून गेलं. आता त्याला नुसतं खाच म्हणतात. सुटल्यावर ते कोल्हापूरला मुलीकडे राहिले आणि २०५३ साली गेले. मी त्यांच्या मातीला गेले नाही. फेटा बांधून नेलं होतं का, एवढं मात्र विचारून घेतलं. नव्हता.

माझ्यावरही ठपका आला. खोटी साक्ष, पुरावा दडवणं. वय पाहून न्यायालयाने मला तुरुंगात धाडलं नाही. सगुणाबाई ब्याऐंशीपर्यंत मंडईत बसल्या. पहिल्या पानावर फोटो आला तो त्यांचाच, चहाच्या कपासकट. अरुंधतीचे वडील मेहरूच्या दुकानात एकदा पुन्हा आले. या वेळी त्यांनी एक खुरपं धार लावायला दिलं आणि धार लावून होईपर्यंत बाकावर बसून राहिले. केतकीचा भिंतवाचक आता सगळीकडे आहे. कुठल्याही प्रयोगशाळेत ताट आता वीस वर्षं जाळत नाहीत. ती दिवाळीला मला चिक्की पाठवते. खाता येत नाही, तरी पाठवते.

मेहरूची नोंदणी तिला सन्मानाने परत मिळाली. ती आता नव्या तंत्रज्ञांना शिकवते. पहिल्या दिवशी डोळे मिटायला लावते आणि ते ताट हातोहात फिरवते. प्रत्येकाला विचारते, खाचा किती? मग सांगते की एक खाच एका मालकाने काढली, आणि हे ताट एका मैत्रिणीने जपून ठेवलं. माझं नाव ती घेत नाही असं ऐकलं.

त्या खंडेनवमीनंतर महिन्याभराने मी तिला आईचा मिसळणाचा डबा पाठवला होता. माझ्याकडे तिच्या वडिलांच्या हातचं तेवढंच उरलं होतं. सोबत चिठ्ठी लिहायला तीन दिवस बसले आणि शेवटी कोराच कागद घातला. आठ दिवसांनी डबा परत आला. घासून लख्ख केलेला, सातही वाट्या भरलेल्या. मला वाटलं, तिने मला माफ केलं.

मग काठावरून अंगठा फिरवला. चाचांच्या खाचेच्या बरोबर समोर, तेवढीच खोल, तेवढीच गोल, कानशीने सुरेख पाडलेली दुसरी खाच होती.

माझे डोळे आता आईसारखेच झालेत. सकाळी खिडकीतला उजेड तेवढा कळतो. वास घेऊन ओळखायला जावं तर तिखट नाकात जातं. नातसून म्हणते, आज्जी, दुसरा डबा आणू या की. मी नको म्हणते. तेल तापतं, मोहरी तडतडते, मी डबा पुढे ओढते आणि काठावरून अंगठा फिरवते. खाच लागते. आणि हात तिथेच थांबतो.